फियाटचं अस्सल इंजिन कोणतं?

मुंबईतल्या शेवटच्या 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सीची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद वीस वर्षांपूर्वी, २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांपलीकडे चालता येत नाही. त्या आठवड्यात या गाडीवर बरंच छापून आलं. मी हाताला लागेल ते वाचलं. वालचंद हिराचंदांचं नाव होतं, फियाट कंपनीचं होतं, गाडी ज्या सिनेमांत दिसली त्यांची यादी होती, टॅक्सीवाल्यांच्या आठवणी होत्या. मी वाचलेल्यांत एका माणसाचा उल्लेख मात्र कुठे सापडला नाही: जो ते इंजिन उतरवून परत चढवत होता. रोज बारा-पंधरा तास चालणाऱ्या टॅक्सीचं इंजिन वीस वर्षं आपोआप टिकत नाही. ते दोन-तीनदा तरी उघडावं लागतं. कधी अख्खं बदलावं लागतं.

हा विषय माझ्या डोक्यात येण्याचं कारण घरचंच आहे. सोलापुरात माझ्या मामूंच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. मामू सत्तरीला टेकलेत. धंद्याचं गॅरेज त्यांनी कधीच बंद केलं, पण शेडमध्ये चेन-कप्पी, घोडी, वाइस आणि चार पेट्या भरून हत्यारं अजून आहेत. सध्या तिथे १९७१ सालची एक फियाट 'डिलाइट' उभी आहे. भंगारात चालली होती, ती मामूंनी थांबवली. गेले आठ महिने मामू आणि त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, तिच्यामागे लागलेत. पत्र्याचं काम होत आलंय. भांडण आहे ते इंजिनावर. मामूंना तिच्यात फियाटचंच इंजिन हवंय. डिप्लोमा केलेल्या मामेभावाला तिच्यात '११८ एनई' गाडीचं निसानचं इंजिन बसवायचंय. तेही त्याने मिळवून आणलंय. मी मधला माणूस. मला गाडीतलं फार कळत नाही, पण 'अस्सल' हा शब्द दोघेही इतक्यांदा वापरायला लागले, की मी या गाडीचा इतिहासच खणायला घेतला.

वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे. जन्म १८८२ चा. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात बनाव्यात असा या माणसाला ध्यास होता. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजांचा आणि १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कारखाना मुंबईत कुर्ल्याला निघाला. आधी करार होता अमेरिकेच्या क्रायस्लरशी. १९४७ पासून कुर्ल्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा मोठ्या अमेरिकन गाड्या आणि फार्गो ट्रक जोडून बाहेर पडू लागले. पण नव्या देशातल्या मध्यमवर्गाला एवढी मोठी गाडी झेपणारी नव्हती. १९५० च्या आगेमागे इटलीच्या फियाटशी बोलणी झाली, आधी छोटी 'फियाट ५००' आली आणि १९५४ मध्ये '११००'. वालचंद त्याआधीच, एप्रिल १९५३ मध्ये वारले होते.

१९५४ हे साल उगाच आलेलं नाही. नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्यांना पुढे जागा नाही, गाडी इथे बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं, असं धोरण सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून घेतलं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. उरल्यांत प्रीमियर आणि कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स या मोटारगाड्यांतल्या मोठ्या. पुढची तीस वर्षं या देशातल्या माणसाने घ्यायची तर फियाट घ्यायची नाहीतर अ‍ॅम्बेसेडर, असा मामला झाला. मद्रासची स्टँडर्ड होती, पण तिचा वाटा लहान.

१९५४ ची ती ११०० म्हणजे आपल्याकडची 'डुक्कर फियाट'. गोल पाठ, फुगीर नाकाड. नाव कुणी दिलं कोण जाणे, पण मुंबईने दिलं एवढं नक्की. तिचे पुढचे दरवाजे उलटे, मागच्या बाजूला बिजागरी असलेले. नंतर 'सिलेक्ट', 'सुपर सिलेक्ट' आणि १९६४ मध्ये 'डिलाइट', म्हणजे इटलीच्या ११००-डी मॉडेलचा हिंदी अवतार. सत्तरीच्या सुरुवातीला फियाटचा परवाना संपला, नाव वापरता येईना. गाडी काही दिवस 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी'. साचा तोच, पाटी नवी.

पद्मिनी म्हणजे चितोडची राणी. आता हा माझ्या विषयातला मुद्दा म्हणून सांगतो: या राणीची गोष्ट आज आपल्याला माहीत असलेल्या रूपात पहिल्यांदा सापडते ती मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीच्या 'पद्मावत'मध्ये. काळ १५४०, भाषा अवधी, आणि त्याच्या कितीतरी जुन्या प्रती फारसी लिपीत. म्हणजे इटलीत आखलेल्या, कुर्ल्यात बनलेल्या गाडीला एका सूफीच्या काव्यातून आलेलं राजपूत राणीचं नाव. मामूंना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मास्टर, नाव कैसा भी रहो, टॅपेट का आवाज एकच है."

आता इंजिनाकडे येतो.

या गाडीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं. सिलेंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं कधीची? १९३७ ची. त्या साली फियाटने '५०८ सी' नावाची गाडी काढली, तिच्यासाठी दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली हे इंजिन तयार झालं. दुसरं महायुद्ध व्हायचं होतं, पाकिस्तान व्हायचं होतं. तेच माप डुक्कर फियाटमध्ये आलं, डिलाइटमध्ये राहिलं आणि पद्मिनी २००० च्या आसपास बंद होईपर्यंत टिकलं. साठ वर्षांहून जास्त.

मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीत. इटलीत १९६२ मध्ये जी ११००-डी निघाली, तिचं इंजिन १२२१ सीसीचं होतं, वाढवलेलं. आपल्याकडे १९६४ मध्ये त्याच गाडीचं अंग आलं, पण पोटात जुनं १०८९ च राहिलं. कुर्ल्यात त्या इंजिनाची यंत्रसामग्री होती, त्याचे सुटे भाग इथे बनू लागले होते, तेव्हा यात नवल नाही. पण याचा अर्थ असा, की आज जिला आपण 'अस्सल फियाट डिलाइट' म्हणतो, ती इटलीच्या माणसाला दाखवली तर तो बॉनेट उघडून म्हणेल, हे इंजिन या गाडीचं नव्हे.

आणि कंपनीने पुढे जे केलं ते तर उघडच आहे. १९८५ मध्ये प्रीमियरने '११८ एनई' काढली. अंग फियाट १२४ चं, इंजिन आणि गियरबॉक्स जपानच्या निसानचे. एनई म्हणजे निसान इंजिन, ११८ म्हणजे १.१८ लिटर. एका कंपनीच्या सांगाड्यात दुसऱ्या कंपनीचं इंजिन. हेच काम शेडमध्ये झालं की त्याला जुगाड म्हणतात, कंपनीने केलं की मॉडेल. त्यानंतर पद्मिनीतही कंपनीने डिझेल इंजिन घालून '१३७ डी' काढली. जुन्या पेट्रोल टॅक्सींवर २००० नंतर हायकोर्टाच्या आदेशांमुळे सीएनजी आला. मुंबईची कोणतीही म्हातारी पद्मिनी टॅक्सी घ्या, तिच्या पोटाला कुणी ना कुणी हात लावलेला होता. बहुतेकींच्या डिकीत तर बॅगा ठेवायला जागा नव्हती, तिथे सिलेंडर आडवा.

हे हात कुणाचे होते? यावर लिहिताना जपून लिहायला हवं, कारण आपल्याकडे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. गॅरेज म्हणजे मुसलमान, असं एक चित्र सिनेमाने केलं. तसं नव्हतं. शीख होते, कोकणी मराठे होते, ख्रिस्ती होते, मलबारी होते. पण सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट नोंदली आहे: पगारी नोकऱ्यांत मुसलमान कमी, स्वतःच्या धंद्यात जास्त, आणि ज्या धंद्यांत त्यांचा वाटा इतरांहून मोठा दिसतो त्यांत मोटारदुरुस्ती आहे. ही आवड नव्हती, वाट होती. शाळा सुटली की मुलगा कुठेतरी 'बसवायचा'. एक भाऊ शिलाईवर, एक भाऊ गॅरेजवर. मी शिक्षक म्हणून आजही हेच पाहतो. सातवी-आठवीत बाक रिकामा दिसला की मी दुसऱ्या दिवशी स्टँडकडच्या गॅरेजच्या ओळीतून चक्कर मारतो. बहुतेकदा सापडतो.

मामू असेच १९७० मध्ये पंधराव्या वर्षी मुंबईला गेले, कुर्ल्याच्या एका उस्तादांकडे. कारखाना जवळ, त्यामुळे फियाटचे पुर्जे आणि फियाट जाणणारी माणसं दोन्ही तिथे. पहिलं वर्ष फक्त केरोसीनमध्ये पुर्जे धुणं आणि चहा आणणं. दुसऱ्या वर्षी पाना हातात. तिसऱ्या वर्षी उस्तादांनी इंजिनाला कान लावायला शिकवलं: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाच्या हाडावर, आणि सांग कोणतं बेरिंग बोलतंय. चौथ्या वर्षी पगार. सर्टिफिकेट कुठलंच नाही. कारखान्यातल्या कामगाराकडे पास होता, प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती, हजेरीपत्रकात नाव होतं. भिंतीपलीकडे तेच इंजिन उघडणाऱ्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. कारखान्याचा इतिहास लिहिता येतो, कारण कागद आहेत. गॅरेजचा इतिहास कशावरून लिहायचा?

भाषेवरून थोडा लिहिता येतो, ते माझं काम. कारखाना, कारागीर, उस्ताद, शागीर्द, पुर्जा, दुरुस्त हे सगळे फारसीतून आलेले शब्द. मिस्त्री पोर्तुगीज, 'मेस्त्रे'वरून. गॅरेज मूळचा फ्रेंच. मरम्मत अरबी, बदल अरबी, आणि अस्सलही अरबीच: 'अस्ल' म्हणजे मूळ, झाडाचं असतं तसं. हे शब्द वापरताना मराठी माणसाला ते परके वाटत नाहीत आणि वाटूही नयेत. मुद्दा एवढाच, की ज्या हातांनी काम केलं, त्यांची बोली त्या कामाला चिकटून राहिली. 'रिंग-पिस्टन गेले', 'हेड उतरवलं', 'दम नाही राहिला' या वाक्यांत इंग्रजी, मराठी आणि दखनी इतक्या सहज मिसळतात, की वर्गात शिकवायला घेतलं तर अर्धा तास जाईल.

गाड्याच कमी होत्या, हे दुरुस्तीचं दुसरं कारण. नवी फियाट नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहायची. मिळाली की ती पिढीजात. त्यामुळे गाडी टाकून देणं नावाची गोष्ट नव्हती. बोअर झिजलं की ब्लॉक खरादवाल्याकडे न्यायचा, भोक थोडं वाढवायचं, त्या मापाचे मोठे पिस्टन घालायचे. पुन्हा झिजलं, पुन्हा वाढवायचं. अशा दोन-तीन पायऱ्या झाल्या की भिंत पातळ होते. मग स्लीव्ह घालायची, म्हणजे आत नवी नळी ठोकून पहिल्या मापावर परत यायचं. हे सगळं करूनही जमत नसेल, तर अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचं इंजिन. ते मिळायचं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, चोर बाजाराला, नाहीतर ओळखीने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा कुठे 'गाडी विकून नवी घेऊ' हे वाक्य मध्यमवर्गाच्या तोंडी आलं. मारुतीचं इंजिन फियाटमध्ये मात्र घालता येत नाही, कारण ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. फियाटचं उभं बसतं आणि लांब दांड्यातून मागची चाकं फिरवतं.

निसानचं इंजिन बसतं ते याचमुळे. तेही उभं, तेही मागच्या चाकांचं. मामेभावाने मला दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून दाखवली. फियाटचं ६८ बाय ७५, म्हणजे अरुंद आणि लांब धावेचं. सावकाश फिरतं, खालून ओढतं. निसानचं ७३ बाय ७०, रुंद आणि आखूड धावेचं. सहज वेगाने फिरतं. सिलेंडर पेटण्याचा क्रम दोघांचा एकच, १-३-४-२. निसान घालायचं तर काय काय करावं लागतं याची त्याच्याकडे यादी आहे. इंजिन ज्या कानांवर बसतं ते ब्रॅकेट नवे वेल्ड करायचे. गियरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून मागचा दांडा कापून किंवा जोडून परत बॅलन्स करायचा, नाहीतर साठच्या वेगाला गाडी थरथरते. फियाटचा गियर स्टेअरिंगखाली, निसानचा खाली जमिनीतून. तेव्हा मधल्या बोगद्याला भोक पाडायचं. क्लचची जोडणी नवी. रेडिएटरचे पाइप नवे. आणि हे सगळं करताना एक लक्षात ठेवायचं, की या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हाच सांगाडा. ट्रकसारखी खाली लोखंडी फ्रेम असती तर काहीही बसवा. इथे जिथे वेल्ड करणार तो पत्राच पन्नास वर्षांचा. म्हणूनच गेले आठ महिने पत्र्यावर गेले. दाराखालच्या पोकळ पट्ट्या दोन्ही बाजूंनी गंजलेल्या, पायाखालच्या जमिनीत हात जाईल एवढी भोकं. वरून लांबी भरून रंग मारला असता तर दिवाळीपर्यंत चकाकली असती आणि पावसाळ्यात जॅक लावताच वाकली असती. मामूंनी सगळा सडका पत्रा कापून काढायला लावला. त्याबाबतीत बाप-लेकात मतभेद नव्हता.

मतभेद आहे तिथे कायदा येऊन उभा राहतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५२. २००० च्या दुरुस्तीनंतर ते असं सांगतं, की बनवणाऱ्याने मूळ जे तपशील दिले त्यांच्याशी नोंदणीपुस्तकातले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने गाडीत करू नये. वेगळ्या इंधनासाठी किट बसवणं याला सवलत आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलमावर बोट ठेवलं. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांचे नियम काढले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, दहा वर्षांची नोंदणी, रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मात्र मनाई. दुसरीकडे एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली.

आमची डिलाइट १९७१ ची. पन्नास वर्षं पुरी. फियाटचं इंजिन ठेवलं, तर व्हिंटेजचा अर्ज निदान करता येईल. निसान घातलं, तर ती वाट बंद, आणि आरसी बुकातही अडचण.

कायद्याच्या हेतूला माझा विरोध नाही. रस्त्यावर कुणी काहीही वेल्ड करून फिरवावं असं मला वाटत नाही. मीही त्याच रस्त्यावरून शाळेच्या पोरांना घेऊन जातो. पण 'मूळ रूप' या शब्दाचा अर्थ लावताना कायदा फक्त कारखान्याच्या दारापर्यंत पाहतो. गाडी दारातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती, ते मूळ. त्यानंतरची पन्नास वर्षं म्हणजे फक्त झीज. ज्याने ती झीज भरून काढली त्याचं काम त्या नजरेत दिसलं, तर बिघाड म्हणून दिसतं. आणि सगळ्यात जास्त 'मूळ' गाडी कुणाची उरते? ज्याला ती चालवावी लागली नाही, बंगल्यात झाकून ठेवता आली, त्याची. टॅक्सीवाल्याची पद्मिनी कधीच व्हिंटेज होणार नाही. तिने काम केलं हाच तिचा दोष.

आमच्या गाडीचं आरसी बुक उघडलं तर त्यात १९८६ चा एक शेरा निघाला: इंजिन बदललं, नवा नंबर अमुक, आरटीओचा शिक्का. म्हणजे मामू ज्याला अस्सल म्हणत होते ते इंजिनही दुसऱ्या फियाटचं. मामेभाऊ त्या दिवशी फार खूश. "मग आता काय अस्सल राहिलं, अब्बा?" मामूंनी शांतपणे ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसला, पुस्तकाशी जुळवला आणि म्हणाले, "ये भी लिखेला है ना? जो लिखेला है वो अस्सल." उस्तादाचा शागीर्द वकिलासारखा बोलला, असं मला वाटलं.

'लिखेला' हा शब्द मामूंच्या तोंडून आला त्याला एक कारण आहे. त्यांच्या पेटीत कुर्ल्याच्या उस्तादांची एक वही आहे. उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी दिलेली. काळं जाड पुठ्ठ्याचं आवरण, तेलाचे डाग, १९६१ पासून १९८४ पर्यंतच्या नोंदी. सगळी उर्दूत. कोणती गाडी, कोणतं साल, बोअर किती झालं, कोणता खरादवाला, कुठून पिस्टन आणले, कुणाचे किती राहिले. एका पानावर डुक्कर फियाटमध्ये डिलाइटचं इंजिन कसं बसवलं त्याचं चित्र आहे, पट्टीने काढलेलं, मापांसह. सुरुवातीला आतल्या पानावर फक्त चार आकडे: १-३-४-२. गिऱ्हाइकाच्या गाडीला उस्ताद अमानत म्हणायचे, आणि वहीत एका ओळीत तो शब्द आहेही: अमुक तारखेला अमानत परत केली.

मामू उर्दू वाचतात, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मामेभाऊ इंग्रजी माध्यमाचा, कुराण वाचतो, उर्दू शिकस्ता हात त्याला लागत नाही. वही माझ्याकडे आली ती अशी. रविवारी दुपारी मी वाचतो, तो लिहून घेतो, देवनागरीत. अडचण आकड्यांची जास्त. उर्दूतला सात म्हणजे वर उघडी चोच, आठ म्हणजे तीच चोच खाली उघडी. घाईत लिहिलेल्या, तेल लागलेल्या पानावर ६८ चं ६७ वाचलं जातं. इंजिनात एक मिलिमीटर म्हणजे केवढा फरक, हे त्याने मला सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक आकडा मी दोनदा मोठ्याने वाचतो. शब्दही उस्तादांनी कानाने लिहिलेत. कार्बोरेटर 'कारबेटर' आहे, सिलेंडर 'सलंडर', गॅस्केट कधी 'गासकेट', कधी नुसतं 'पुट्ठा'. मी ते सुधारत नाही. तसेच उतरवतो.

बारा वर्षांच्या नोंदी झाल्या. आतापर्यंत दोनशे चौदा गाड्या मोजल्या आहेत आणि सतरा ठिकाणी इंजिन पूर्ण बदलल्याची नोंद आहे. त्यांतले बहुतेक फियाटच्या जागी फियाट. एकदा मात्र उस्तादांनी समासात लिहिलंय, की मालक मोठं इंजिन घाला म्हणत होता, नाही म्हटलं, मागचे ब्रेक ते झेलणार नाहीत. मामेभावाने ही ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग काही न बोलता उठून त्याने डिलाइटचे ब्रेक ड्रम उघडले.

सध्या ठरलंय ते असं. फियाटचा ब्लॉक साठवर गेलेला आहे, आणखी वाढवण्यात अर्थ नाही, म्हणून त्याला चार स्लीव्ह घालून पहिल्या मापावर आणायचं. होटगी रोडच्या एका खरादवाल्याकडे तो गेल्या आठवड्यात पोचलाय. निसानचं इंजिन तेल भरून, पोत्यात बांधून शेडच्या कोपऱ्यात ठेवलंय. मामेभावाने त्याच्यासाठी दुसरी, पन्नाशी न झालेली गाडी बघायला सुरुवात केली आहे आणि आरटीओत काय लागतं त्याची चौकशीही. आरसी बुकाच्या झेरॉक्सला जोडायला त्याने एक कागद तयार केलाय, त्यात या गाडीवर आजवर झालेलं सगळं काम तारखांसह आहे: १९८६ चं इंजिन, कापलेला पत्रा, स्लीव्ह, कुणी केलं त्याचं नाव. अर्जासाठी असा कागद कुणी मागितलेला नाही. येत्या रविवारी हेड बसवण्याचं पान वाचायचंय, कोणता बोल्ट आधी आवळायचा त्याचा क्रम उस्तादांनी तिथे काढून ठेवलाय, पण वरचा कोपरा फाटलेला आहे.